बारा वर्षांच्या मुलीसाठी हलकी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल तयार करून घेता येईल का?

आपली मुलगी बारा वर्षांची असून तिचे वजन ३५ किलो आहे, क्लबची रायफल उभ्याने धरताना तिची कंबर दुखते, आणि म्हणून तिच्यासाठी हलकी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल (जिच्यात प्रत्येक फैरीआधी बोल्ट हा दांडा हाताने मागेपुढे करून काडतूस भरतात) बनवून किंवा जुळवून घ्यावी का, असे आपण विचारले आहे. पुण्यातील एका रेंजवर नव्या मुलामुलींच्या रायफली त्यांच्या मापाला बसवून देण्याचे काम मी करतो. माझे मत असे की रायफल हलकी करण्याआधी ती मापाची करावी. मापात बसलेली चार किलोंची रायफल मुलीला जितकी सोसवते, तितकी मापात न बसलेली तीन किलोंची रायफल सोसवत नाही.

आधी कायद्याची बाजू सांगतो. पॉइंट टू-टू बोअरची, म्हणजे सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या नळीची, बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल हे अग्निशस्त्र आहे. ते बाळगण्यासच नव्हे, तर त्याची निर्मिती, दुरुस्ती किंवा रूपांतर करण्यासही शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो, आणि नळी आखूड करण्यासाठी त्याच अधिनियमाच्या सहाव्या कलमात वेगळे बंधन आहे. २१ वर्षांखालील व्यक्तीला असे शस्त्र स्वतःच्या नावावर घेता येत नाही. नियमांच्या चौकटीत, क्लबच्या किंवा रायफल असोसिएशनच्या देखरेखीखाली, प्रशिक्षणापुरते ते वापरता येते. त्यामुळे ओळखीच्या कारागिराकडून ‘बनवून घेणे’ हा विचार सोडून द्यावा. दहा मीटरच्या स्पर्धेतील ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलीची गोष्ट निराळी आहे. तिची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूलपेक्षा कमी असते आणि आपल्याकडे बहुतेक मुलांची सुरुवात तिच्यावरच होते. जर्मनीसारख्या देशातही कायद्याने साधारणपणे बाराव्या वर्षापासून एअर रायफल आणि चौदाव्या वर्षापासून पॉइंट टू-टू असा क्रम घातलेला आहे. आपल्या मुलीसाठीही तोच क्रम मला योग्य वाटतो, म्हणून पुढचे बहुतेक विवेचन एअर रायफलीला धरून आहे. माप जुळवण्याची तत्त्वे बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीलाही तशीच लागू पडतात.

वजनाचा हिशेब पाहू. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दहा मीटर एअर रायफलीचे वजन ५.५ किलोंपेक्षा जास्त असू नये, पण ते किमान किती असावे याचे बंधन नाही. सत्तर किलोंच्या प्रौढ नेमबाजासाठी साडेपाच किलो म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे आठ टक्के होतात. आपल्या मुलीसाठी तेच जवळजवळ सोळा टक्के होतात. उभ्याने नेम धरताना नेमबाज पाठीतून मागे आणि किंचित उजवीकडे झुकतो, कारण शरीर आणि रायफल यांचा मिळून होणारा गुरुत्वमध्य दोन्ही पावलांच्या मध्ये यावा लागतो. रायफल शरीराच्या मानाने जितकी जड आणि तिचे वजन जितके पुढे, तितका हा झोक वाढतो आणि कंबरेच्या मणक्यांवर बाक आणि पीळ एकदम पडतात. वाढत्या वयातल्या मुलीच्या बाबतीत हे दुर्लक्ष करण्यासारखे नाही. सराव थांबल्यावरही दुखणे राहत असेल, तर रायफलीकडे पाहण्याआधी तिला अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

आता मापाकडे वळू. सर्वप्रथम बटाची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची, लांबी ठरवावी. बट खांद्यात टेकलेले असताना तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर सहज पडला पाहिजे, आणि बोट सरळ मागे ओढले गेले पाहिजे. प्रौढांसाठी लावलेल्या दस्त्यावर (नळी ज्यात बसवलेली असते त्या लाकडी किंवा धातूच्या चौकटीवर) मुलीचा हात ताणला जातो, ट्रिगर बोटाच्या टोकाने दाबला जातो, आणि रायफल पुढे राहिल्यामुळे तिला आणखी मागे झुकावे लागते. मी पाहिलेल्या कंबरदुखीच्या तक्रारींपैकी पुष्कळ एवढ्या एका दुरुस्तीने कमी झाल्या आहेत. अ‍ॅल्युमिनियमच्या दस्त्यात बट आत सरकवता येते. जुन्या लाकडी दस्त्यात बटप्लेटमागचे (खांद्याला टेकणाऱ्या पट्टीमागचे) स्पेसर, म्हणजे लांबी वाढवणाऱ्या चकत्या, काढून लांबी कमी होते; ते काढूनही भागले नाही, तर क्लबचे लाकूड कापण्यापेक्षा ज्युनिअर मापाची रायफल मिळवावी. फाइनवेर्कबाउ, वाल्थर, अ‍ॅन्शुट्झ या जर्मन कंपन्या एअर रायफलींची ज्युनिअर रूपे बनवतात. त्यांत दस्ता लहान, दाबलेल्या हवेचा सिलिंडर आखूड आणि वजन सर्वसाधारणपणे साडेतीन-चार किलोंच्या घरात असते.

लांबीनंतर उंची पाहावी. डोके सरळ ठेवून रायफल डोळ्यापर्यंत वर आणावी, डोके रायफलीकडे खाली नेऊ नये, हा या कामातला मुख्य नियम आहे. त्यासाठी बटप्लेट खाली सरकवावी म्हणजे रायफल वर येते. मान वाकडी राहिली की तोल बिघडतो, आणि डोळा भुवईखालून तिरपा पाहू लागला की लवकर थकतो. चीकपीस, म्हणजे गाल टेकवण्याचा भाग, त्यानंतरच लावावा. मुलीला डोळे मिटून गाल टेकवायला सांगावे, डोक्याचे वजन त्यावर सैल सोडायला सांगावे, आणि मग डोळे उघडायला लावावे. डायॉप्टरच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या मागच्या साइटच्या, छिद्रातून नळीच्या टोकाकडची पुढची रिंग मधोमध दिसत नसेल, तर मान हलवू न देता चीकपीस वर-खाली किंवा आत-बाहेर करावा. हे तीन-चार वेळा एकसारखे जमेपर्यंत पुढे जाऊ नये. पालकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, परंतु पुढची सगळी जुळवाजुळव याच्यावर उभी असते.

डावा हात हा मुलांच्या बाबतीत सर्वांत नाजूक प्रश्न आहे. उभ्याने नेम धरताना डावे कोपर कंबरेच्या हाडावर किंवा बरगड्यांवर टेकते आणि रायफलीचे वजन स्नायूंऐवजी हाडांमधून खाली जाते. ज्या मुलांचा हात धडाच्या मानाने आखूड असतो, त्यांचे कोपर हाडावर टेकवले की रायफल डोळ्याच्या खाली राहते. ती वर उचलली की कोपर सुटते आणि दंड थरथरू लागतो. यावर उपाय म्हणजे दस्त्याच्या पुढच्या भागाखाली उंची वाढवणारा ठोकळा लावणे. तो नियमांनी घातलेल्या मापांत असावा, म्हणून घरी लाकडाचा तुकडा स्क्रूने बसवण्यापेक्षा तयार मिळणारा भाग घ्यावा. सिलिंडरच्या आसपास कोठेही छिद्र पाडू नये, कारण त्यात २०० बारपर्यंत दाबाची हवा असते.

एवढे झाल्यावरच वजन कमी करण्याकडे यावे, आणि तेही पुढच्या टोकाकडून. नळीवरील किंवा दस्त्याच्या टोकाजवळची सुटी वजने प्रथम काढावीत. डाव्या हाताच्या खूप पुढे असलेले शंभर ग्रॅम काढले की जो आराम पडतो, तो हाताच्या अगदी वर असलेले तीनशे ग्रॅम काढूनही पडत नाही. रायफलीचा तोल डाव्या हातावर किंवा त्याच्या जरासा पुढे यावा, असे मी पाहतो. मात्र हलकेपणालाही मर्यादा आहे. जडत्व कमी झाले की हृदयाचे ठोके, श्वास आणि ट्रिगर दाबतानाची अनावश्यक हालचाल ही सारी नळीच्या टोकावर दिसू लागतात. फार हलकी रायफल हातात घेताना सुखाची वाटते आणि टार्गेटवर मात्र पसरते. मुलगी वाढेल तशी काढलेली वजने एकेक करून परत लावता येतात, म्हणून ती जपून ठेवावीत. दोन फैरींच्या मध्ये रायफल स्टँडवर टेकवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावली, तर पाठीला मिळणारी विश्रांती कोणत्याही सुट्या भागापेक्षा मोलाची ठरते.

ट्रिगरबाबत मी सावध असतो. स्पर्धेच्या एअर रायफलींचा ट्रिगर फार हलका करता येतो. नव्या मुलीसाठी तो शंभर ग्रॅमच्या आसपास, दोन टप्प्यांचा, आणि दुसऱ्या टप्प्याची जागा बोटाला स्पष्ट जाणवेल असा ठेवावा. फोनवरचा व्हिडिओ पाहून ट्रिगर उघडू नये. साइटच्या बाबतीत उलट चूक होते: पुढची रिंग फार लहान लावली जाते. दहा मीटरच्या टार्गेटवरील काळ्या गोलाचा व्यास ३०.५ मिलिमीटर असतो, आणि डोळ्यापासून सुमारे ९० सेंटिमीटरवर असलेल्या रिंगेत तो पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास भरतो. चार मिलिमीटरची रिंग लावली, तर भोवती पुरेसे पांढरे दिसते आणि डोळा काळा गोल आपोआप मधोमध आणतो. पांढरी कड अगदी बारीक राहिली, की मूल ती कड सांभाळण्याच्या नादात ट्रिगर दाबायचेच थांबते.

रायफलीत दोष आहे की धरण्यात, हे ठरवण्यासाठी ती टेकूवर ठेवून एखाद्या अनुभवी नेमबाजाकडून पाच-पाच पेलेट (एअर रायफलीच्या छोट्या गोळ्या) झाडून घ्याव्यात. छिद्रे एकमेकांत मिसळून जवळपास एकच भोक पडत असेल, तर रायफलीला हात लावण्याचे कारण नाही. तसे होत नसेल, तर पेलेटचा दुसरा प्रकार किंवा डोक्याचे वेगळे माप, उदाहरणार्थ ४.४९ ऐवजी ४.५० मिलिमीटर, वापरून पाहावे. एका वेळी एकच बदल करावा, जुळवणीच्या प्रत्येक मोजपट्टीवरचा आकडा वहीत लिहावा, आणि मुलीची उंची वाढत असल्यामुळे दर तीन-चार महिन्यांनी सर्व मापे पुन्हा तपासावीत.

पॉइंट टू-टू बोल्ट-अ‍ॅक्शनकडे ती जाईल, तेव्हा सुरुवात प्रोनपासून, म्हणजे पालथे झोपून करावी. तेथे रायफलीचे वजन जमीन आणि स्लिंग (दंडाला अडकवलेला पट्टा) पेलतात, त्यामुळे हलकेपणाचा प्रश्न बराच मागे पडतो आणि हँडस्टॉपची (पुढचा हात अडवणाऱ्या अडणीची) जागा व स्लिंगची लांबी महत्त्वाची ठरतात. पुढच्या हाताचा जमिनीशी कोन नियमानुसार किमान ३० अंश असावा लागतो. बोल्ट मात्र तपासून घ्यावा. तो जड उघडत असेल, तर लहान हाताच्या मुलीला प्रत्येक फैरीनंतर खांदा सोडावा लागतो आणि जमवलेली बैठक मोडते. स्वच्छता आणि योग्य वंगण यांनी बहुतेक वेळा काम भागते, नाहीतर लांब मूठ बसवून मिळते. लाकडी दस्ता असेल, तर पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, लाकूड फुगून अ‍ॅक्शनवरचा (बोल्ट असलेल्या धातूच्या भागावरचा) दाब बदलतो व ग्रुप, म्हणजे टार्गेटवरील छिद्रांचा पुंजका, सरकतो. म्हणून दस्त्याचे स्क्रू कंपनीने दिलेल्या आकड्यावर टॉर्क रेंचने आवळलेले आहेत का, आणि नळी व दस्ता यांच्यामध्ये कागदाची पट्टी मोकळी सरकते का, हे क्लबच्या आर्मररकडून (शस्त्रांची देखभाल करणाऱ्याकडून) पाहून घ्यावे. काडतुसांचा लॉट बदलला की त्याच रायफलीचा ग्रुपही बदलतो, त्यामुळे चांगला लागणारा लॉट सापडल्यास क्लबला तो साठवून ठेवायला सांगावे.

अनेक पालक पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांच्यासारखी रायफल मुलांना हवी म्हणून येतात. त्यांचा ५० मीटर थ्री पोझिशन हा प्रकार निलिंग (गुडघा टेकून), प्रोन आणि स्टँडिंग अशा तीन बैठकींचा आहे, आणि प्रत्येक बैठकीसाठी बट, चीकपीस व हँडस्टॉप यांची मापे वेगळी लागतात. त्या रायफलीवरच्या साऱ्या पट्ट्या आणि चाकांची गरज त्यातून येते. आपल्या मुलीला आज फक्त उभे राहायचे आहे. तिच्यासाठी क्लबमधून ज्युनिअर एअर रायफल वर्षभरासाठी मिळाली, तर विकत घेण्याची घाई करू नये. वापरलेली घ्यायचीच झाली, तर किंमत ठरवण्याआधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचावी. कंपनीने सिलिंडरला ठरावीक वर्षांची मुदत दिलेली असते, ती संपल्यावर तो भरता येत नाही, आणि नव्या सिलिंडरचा खर्च व्यवहारातून वजा करून मागावा लागतो.