चेपलेल्या पत्र्यावर थेट लांबी भरून रंग दिला तर चालेल का?

तुमच्या लोखंडी कपाटाच्या दाराला दोन पोचे आहेत, एक पसरट उथळ आणि दुसरा कडेजवळ घडी पडल्यासारखा. ठोकाठोक न करता लांबी, म्हणजे खळगे भरायची पुट्टी, भरून रंग मारायचा विचार आहे, आणि रेड ऑक्साईड (गंज रोखणारा तांबडा प्रायमर) आधी की लांबी आधी, हाही प्रश्न आहे. उथळ पोच्याचं लांबीवर भागेल. घडीचं भागणार नाही.

हार्डनर घालून लावतात ती पॉलिएस्टर लांबी फार तर 3 मिलिमीटर जाडीपर्यंत भरावी. दार आपटलं की पत्रा लवतो, लांबी लवत नाही. थर जाड असेल तर ती आधी केसाएवढी तडकते, मग त्या फटीतून ओल आत जाते आणि खाली गंज धरतो. वर्षभराने रंगाला फोड आले की लोक रंगाला नावं ठेवतात.

म्हणून आधी पत्रा वर आणायचा. पण पूर्ण नाही! हे मी स्कूटरच्या बाजूच्या पत्र्यावर शिकलो. मागून मोठ्या हातोडीने दणादण ठोकलं, पोच्याच्या जागी टेंगूळ आलं. ते वरून ठोकलं, तर शेजारी नवीन खळगा. अर्ध्या तासात पत्रा डब्याच्या झाकणासारखा झाला, अंगठ्याने दाबला की टप्प आत, सोडला की टप्प बाहेर. प्रत्येक घावाने पत्रा थोडा पातळ होऊन पसरतो, आणि पसरलेला जादा पत्रा चहूबाजूंनी अडकलेला असल्यामुळे एकतर आत फुगतो नाहीतर बाहेर. तापवून, विझवून तो आखडवता येतो, पण ते मुरलेल्या डेंटरचं काम. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

पोचा धरून ठेवते ती त्याच्या भोवतीची उंच कड, मधला खड्डा नव्हे. दणका बसला तेव्हा आधी मधला भाग आत गेला, कड शेवटी उठली. सोडवताना उलट जायचं. डॉली, म्हणजे हातात मावणारा गुळगुळीत जड लोखंडी ठोकळा, मागून खड्ड्याला दाबून धरा आणि पुढून हलक्या, सपाट तोंडाच्या हातोडीने कडेवर टिचक्या मारल्यासारखे घाव घाला. कड खाली बसत जाते तसा मधला भाग डॉलीच्या दाबाने वर येतो. हातोडी थेट डॉलीवर वाजू लागली, ठण्ण असा आवाज आला, की पत्रा दोन लोखंडांमध्ये चेपला जातोय असं समजा. तिथे हात आवरा.

किती वर आलं हे डोळ्याने कळत नाही. तळहातावर पातळ फडकं धरा, डोळे मिटा आणि हात लांबवर सरकवा, चांगल्या पत्र्यावरून पोच्यावर आणि पलीकडे परत चांगल्या पत्र्यावर. एखाददोन मिलिमीटर खोल राहिलं तर उत्तमच, कारण खळगा लांबीने भरतो. उंचवटा राहिला तर त्याला लपवायला अख्ख्या दारावर लांबी थापावी लागेल.

आता लांबी आधी. रेड ऑक्साईडवर ही लांबी लावली तर तो मऊ पडून लांबीसकट सुटू शकतो. पोच्यावरचा जुना रंग आणि गंज उघड्या पत्र्यापर्यंत काढा, पण त्याआधी थिनरच्या फडक्याने तेलकटपणा पुसा, नाहीतर तोच पॉलिश पेपरने घासून पत्र्यात मुरवाल. मग 80 नंबरच्या पॉलिश पेपरने ओरखडे पाडा, लांबी त्यांनाच धरून राहते. हार्डनर 100 ग्रॅमला साधारण 2 ग्रॅम. जास्त घातलात तर कधीकधी वरच्या रंगावर डाग उमटतो. फेटू नका, पात्याने दाबत कालवा, म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहीत. चारपाच मिनिटांत ती घट्ट व्हायला लागते, तेव्हा एका वेळी लिंबाएवढीच घ्या.

वाळल्यावर 80, मग 180 ने घासा. मास्क लावून, कोरडंच आणि लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून. लांबी पाणी पिते, वॉटर पेपरचा मोह इथे नको. नुसत्या बोटांनी घासलंत तर लाटा पडतात. काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा मारून पुन्हा ठोकळा फिरवा, काळं उरेल तिथे अजून खळगा आहे. तिथे पातळ हात द्या.

रेड ऑक्साईड त्यानंतर, त्याच दिवशी. उघडा पत्रा रात्रभर ठेवलात तर सकाळी त्यावर तांबूस झाक दिसते, मग परत 180 हातात घ्यावा लागतो.