अमेरिकन यादवी युद्धात पाय गमावलेल्या सैनिकाला बायकामुलांसाठी सरकारकडून काय मिळत असे?

तो कोणाकडून लढला, यावर सगळं अवलंबून. उत्तरेचा, म्हणजे केंद्र सरकारच्या बाजूचा शिपाई असेल तर वॉशिंग्टनच्या पेन्शन ब्युरोत अर्ज करता येई. केंद्राविरुद्ध लढलेल्या दक्षिणेच्या सैनिकाला ते दार बंद. त्याने आपल्या राज्याकडे जायचं. नॉर्थ कॅरोलायनाने 1866 मध्ये अशांना कृत्रिम पाय द्यायला सुरुवात केली, पण लाकडी पायाने घरात धान्य येत नाही.

उत्तरेत 1862 च्या कायद्याने साध्या शिपायाला पूर्ण अपंगत्वासाठी महिना 8 डॉलर ठरले. लढताना त्याचा पगारच 13 डॉलर होता. 1866 मध्ये एक हात किंवा पाऊल गेलेल्यासाठी 15 डॉलर झाले. तो जिवंत असेपर्यंत बायकामुलांच्या नावाने वेगळं काही नाही, घरात खाणारी तोंडं दोन असोत की आठ.

मी कोषागारात पेन्शनच्या टेबलावर नोकरी केली आहे, त्यामुळे पुढचा भाग मला फार ओळखीचा वाटतो. पाय तुटलेला डोळ्यांना दिसतो, त्याचं सिद्ध करणं त्यातल्या त्यात सोपं. पण छावणीतल्या जुलाबाने कायमचं पोट बिघडलेला किंवा छातीत दुखणं घेऊन परतलेला माणूस काय दाखवणार? इस्पितळाच्या नोंदी गहाळ, कप्तान मेलेला. मग जुन्या सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं गोळा करायची, सरकारी डॉक्टरांपुढे उभं राहायचं. आणि तो काही वर्षांनी वारला, तर हे मरण त्याच लष्करी सेवेतल्या दुखण्याने आलं, हे विधवेने सिद्ध करायचं. माझ्या मते त्या कायद्यातली सगळ्यात निर्दय अट हीच.

कृष्णवर्णीय सैनिकांच्या विधवांचे हाल आणखी वेगळे. गुलामीतल्या लग्नाला कायद्याची मान्यताच नव्हती, दाखला कुठून आणणार? 1864 मध्ये साक्षीदारांवर भागवायची सोय झाली खरी. पण 1882 पासून विधवा परपुरुषाबरोबर उघड राहते असं ठरलं की तिची पेन्शन बंद होई, त्यामुळे चौकशी अधिकारी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून तिच्या चालचलणुकीची माहिती काढत. हा जाच गोऱ्या विधवांनाही होताच.

मोठी सवलत आली 1890 मध्ये. 90 दिवस सेवा, सन्मानाने मुक्तता आणि अंगमेहनतीला असमर्थता एवढं पुरे. दुखणं युद्धातलंच असलं पाहिजे असं नाही, फक्त व्यसनातून आलेलं नको. महिना 6 ते 12 डॉलर. कष्ट करून पोट भरणाऱ्या विधवेला 8, आणि तिला नवऱ्याच्या मरणाचं कारणही सिद्ध करावं लागत नसे. त्या दशकात या पेन्शनी केंद्राच्या खर्चातली सगळ्यात मोठी बाब होऊन बसल्या.

तुम्ही एखाद्या ठरावीक सैनिकाचा शोध घेत असाल, तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्याच्या विधवेच्या नावाची फाईल आधी मागा. तिची पेन्शन मंजूर झाली असेल तर नवऱ्याचे कागदही सहसा त्याच फाईलमध्ये ठेवलेले असतात.