तिचा व्हिडिओ तुम्ही पाहिला आहे का?

पत्राचा सारांश: कोल्हापूरचे एक वडील लिहितात, की त्यांची मुलगी मुंबईत मास मीडियाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीला तिला ८४ टक्के होते, पहिल्या वर्षाला ती ५८ टक्क्यांवर आली. तिला म्युझिक व्हिडिओ करण्याचे वेड आहे आणि मे महिन्यात गावी येऊन तिने ‘आमच्या आईला जात्यावर बसवून काहीतरी चित्रित केले’. तो व्हिडिओ यूट्यूबवर टाकल्यावर कॉपीराइटची सूचना आली, तेव्हापासून तिचा कॅमेरा वडिलांच्या कपाटात कुलपात आहे. तिने बँकेच्या किंवा एमपीएससीच्या परीक्षेकडे वळावे, निदान बी.एड. करावे, हे मी तिला समजावून सांगावे, अशी त्यांची विनंती आहे.

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात मुलीचे गुण आहेत, वसतिगृहाचा खर्च आहे, कॅमेऱ्याची किंमत आहे आणि लग्नकार्यात नातेवाईक ‘मुलगी काय करते’ असे विचारतात तेव्हा तुमची होणारी अडचणही आहे. मात्र ज्या व्हिडिओवरून हे सारे घडले, त्यात काय आहे याविषयी ‘काहीतरी’ या एका शब्दाखेरीज तुम्ही काहीही लिहिलेले नाही. तुम्ही दुवा पाठवला होता, म्हणून मी तो पाहिला. तुम्ही स्वतः तो शेवटपर्यंत पाहिला आहे का, हे पत्रावरून मला समजू शकले नाही, आणि मला वाटणाऱ्या काळजीचे मूळ तिथेच आहे.

त्या ‘काहीतरी’मध्ये तुमच्या आई ओव्या म्हणत आहेत. जात्याचा खुंटा प्रत्येक फेऱ्यात एका ठरावीक जागी आला, की मुलीने दृश्य बदलले आहे, त्यामुळे हात, पीठ, कोनाडा आणि दार अशी जागा बदलत राहते, पण दळण एकदाही थांबल्यासारखे वाटत नाही. ओवीत माहेरच्या भावाची वाट पाहण्याचे शब्द येतात, तेव्हा भाऊ किंवा माहेर दाखवण्याऐवजी तिने एसटीचा रिकामा थांबा दाखवला आहे. गाण्याचे शब्द आणि चित्र यांचे नाते तीन प्रकारचे असते, अशी मांडणी अँड्र्यू गुडविन या अभ्यासकाने १९९२ मध्ये केली: चित्र शब्दांचाच अर्थ दाखवते, त्यात भर घालते किंवा त्यांच्यापासून मुद्दाम दूर जाते. माध्यमांच्या वर्गात ही मांडणी परीक्षेपुरती पाठ केली जाते. तुमच्या मुलीने ती वापरली आहे. ‘यात शिकण्यासारखे काय आहे’ असे तुम्ही विचारले आहे, म्हणून हे सविस्तर लिहिले.

याच कामातले आणखी एक साधे उदाहरण देतो. गायिका संथ गतीने चालताना दिसावी, पण तिचे ओठ गाण्याशी जुळावेत, असे हवे असेल, तर चित्रीकरण सेकंदाला २५ ऐवजी ५० फ्रेम्सने (म्हणजे चित्रांनी) करावे लागते आणि त्या वेळी गाणे दुप्पट वेगाने वाजवून तिला त्याच वेगाने ओठ हलवावे लागतात; नंतर ते सेकंदाला २५ फ्रेम्सने दाखवले, की चाल संथ होते आणि ओठ मूळ गाण्याशी जुळतात. हा हिशेब चुकला, तर दिवसभराचे चित्रीकरण वाया जाते. अशा हिशेबात मुरलेल्या मुलीविषयी ‘मौजमजा करते’ असे लिहिणे अन्यायाचे आहे.

आता कपाटाविषयी स्पष्टच लिहितो. ५८ टक्के ही काळजीची गोष्ट आहे आणि तिने अभ्यासाकडे दुर्लक्ष केले असेल, तर तिला जाब विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. परंतु वीस वर्षांच्या मुलीचे साधन कुलपात ठेवणे म्हणजे जाब विचारणे नव्हे. ती सुट्टीला येते, जेवते, कॅमेऱ्याविषयी शब्द काढत नाही, हे तुम्ही ‘आता ती समजूतदार झाली आहे’ या अर्थाने लिहिले आहे. माझ्या अनुभवात अशी गप्प झालेली मुले समजूतदार झालेली नसतात. त्यांनी घरी काही सांगणे थांबवलेले असते. उद्या तिच्याकडून एखाद्या कामाच्या करारात चूक झाली किंवा कुणी तिला फसवले, तर ती तुमच्याकडे येणार नाही, आणि या व्यवसायात तिला घरच्यांची गरज नेमकी अशाच वेळी पडणार आहे.

कॉपीराइटच्या सूचनेला तुम्ही ‘कायदेशीर नोटीस’ म्हटले आहे, तर मुलगी सांगते, की ‘३० सेकंदांपेक्षा कमी गाणे वापरले तर चालते’. तुम्ही दोघेही चुकता आहात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ३० सेकंदांची अशी कोणतीही सूट नाही. मूळ गाण्याचे श्रेय दिले, म्हणूनही परवानगी मिळत नाही. अभ्यास, टीका किंवा समीक्षा यांसाठी कायद्याने काही मोकळीक दिली आहे, पण वर्गात दाखवणे वेगळे आणि जगासाठी खुले करणे वेगळे. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क स्वतंत्र असतात, त्यामुळे ओवी परंपरेची असली, तरी एखाद्या कंपनीने केलेले तिचे ध्वनिमुद्रण त्या कंपनीचेच राहते. तुमच्या मुलीने मध्ये वीस सेकंद एक चित्रपटगीत घातले आहे आणि सूचना तेवढ्यापुरतीच आहे. असा दावा आला, की मूळ मालक त्या व्हिडिओच्या जाहिरातींचे उत्पन्न घेऊ शकतो किंवा तो व्हिडिओ रोखू शकतो. त्यात पोलीस नाहीत आणि गुन्हाही नोंदवलेला नाही. ते गाणे काढून तिथे आजींचाच आवाज ठेवला, तर प्रश्न मिटतो, आणि खरे सांगायचे तर त्या वीस सेकंदांत तिचा व्हिडिओ सर्वांत कमकुवत आहे. जाता जाता तिच्या उपयोगाचे आणखी एक सांगतो: मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी व्हिडिओ केला आणि वेगळा करार केला नाही, तर त्याचा पहिला मालक तो करवून घेणारा ठरतो. म्हणून पहिल्या कामापासून लेखी करार करायची सवय तिने लावून घ्यावी.

स्पर्धा परीक्षांविषयी एवढेच, की बँक आणि राज्यसेवा या दोन्हींना कोणत्याही शाखेची पदवी चालते, बी.एड.लाही आधी पदवीच लागते, आणि ती पदवी ती घेतेच आहे. कोणतेही दार बंद झालेले नाही, त्यामुळे तिला आज तिकडे ढकलण्याचे कारण मला दिसत नाही. तुम्ही सोपवलेला निरोप मी तिला देणार नाही.

तिला मी वेगळेच सांगेन. तिची छायाचित्रणाची समज सामान्य आहे, ध्वनिमुद्रण तर वाईट आहे. कॅमेऱ्याच्याच माइकवर भरवसा ठेवल्याने अंगणातला वारा ओवीवर चढला आहे. तिची ताकद संकलनात, म्हणजे एडिटिंगमध्ये आहे. स्वतःला दिग्दर्शक म्हणवण्याची घाई न करता तिने संकलन आणि ध्वनी यांवर पुढची दोन वर्षे घालवावीत, दा विंची रिझॉल्व्हसारखे संकलनाचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते त्यावर रोज हात ठेवावा, आणि पदवीचे गुण सावरावेत, कारण पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधल्या संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी पदवी आणि प्रवेश परीक्षा दोन्ही पार करावी लागतात. ही संस्था १९६० मध्ये ज्या आवारात सुरू झाली, तो प्रभात कंपनीचा स्टुडिओ होता, आणि ती कंपनी १९२९ मध्ये तुमच्याच कोल्हापुरात उभी राहून १९३३ मध्ये पुण्याला गेली. कोल्हापूरच्या माणसाला चित्रपटाच्या धंद्याची लाज वाटावी, याचे मला खरोखर वाईट वाटले.

केवळ म्युझिक व्हिडिओंवर घर चालेल, असे आश्वासन मी देत नाही. हे काम करणारे बहुतेक लोक जाहिराती, वाहिन्यांचे प्रोमो, लग्नांचे चित्रीकरण आणि दुसऱ्यांच्या चित्रपटांचे संकलन करून जगतात, पैसे उशिरा येतात आणि ओळखी जमायला काही वर्षे जातात. म्हणून पदवीनंतर किती काळ घरून मदत मिळेल, हे बाप-लेकीने आकड्यात बोलून ठरवावे. अशी मुदत ठरवणे हा दबाव नाही, तो व्यवहार आहे.

गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या बायकांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तुमच्या आईंच्या ओव्या त्यांत आहेत की नाहीत, कोण जाणे. तुमच्या घरात मात्र त्या तुमच्या मुलीने नोंदवल्या आहेत. आधी तुम्ही आणि तुमच्या आई, दोघांनी बसून तो व्हिडिओ पाहा.

आणि कॅमेरा आजच कपाटातून काढा. पावसाळ्याच्या दमट हवेत बंद कपाटात ठेवलेल्या भिंगावर बुरशी धरते, आणि पूर्ण उतरलेली बॅटरी महिनोन्महिने तशीच पडून राहिली, तर ती पुन्हा नीट चार्ज होत नाही. भिंग कोरड्या मऊ कापडाने पुसून, बॅटरी चार्ज करून तो तिच्या टेबलावर ठेवा. गणपतीला ती घरी येईलच.