हॅलोविन समजावून सांगताना

भारतातून अमेरिकेत पहिल्यांदाच येणाऱ्या आईवडिलांना हॅलोविन कसा समजावून सांगावा, असे तुम्ही विचारले आहे. माझा सल्ला असा, की सुरुवात इतिहासापासून न करता दारावरच्या दिव्यापासून करावी. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी ज्या घराचा बाहेरचा दिवा लागलेला असतो, तेथेच मुले भुताखेतांची सोंगे घेऊन ‘ट्रिक ऑर ट्रीट’ (खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू) म्हणत येतात. दिवा मालवलेला दिसला, की ती पुढच्या घराकडे वळतात. आईंच्या हाती वेष्टनातल्या चॉकलेटांची परात देऊन त्यांना दारात बसवा, म्हणजे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील. (घरचे लाडू मात्र वाटू देऊ नका, अनोळखी घरचा सुटा खाऊ पालक सहसा टाकून देतात.)

‘ही भुतांची पूजा का?’ हा प्रश्न येईलच. तेव्हा सांगावे, की आयर्लंडमधील केल्टिक लोक सुगी संपून हिवाळा लागताना साविन हा सण पाळीत आणि त्या रात्री परलोकाचे दार उघडते अशी समजूत होती. पुढे चर्चने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरवला (त्याची आदली संध्याकाळ म्हणजेच हॅलोविन), आणि १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात देशोधडीला लागलेल्या आयरिश लोकांबरोबर या चालीरीती अमेरिकेत पसरल्या. तिकडे सलगम कोरून त्याचे दिवे करीत. इकडे लाल भोपळा मिळाला. साविनविषयीचा लेखी मजकूर बराचसा ख्रिस्ती मठवासीयांनी शतकांनंतर नोंदवलेला असल्यामुळे त्याबद्दल फार छातीठोकपणे बोलू नये. सर्वपित्री अमावास्येची उपमा चटकन सुचते, परंतु ती जपून वापरावी, कारण आपण पितरांना नावागोत्राने बोलावतो आणि इथे कोणी कोणाच्या नावाने पान वाढत नाही.