वाचकांचे प्रश्न: कोटिंगमध्ये बुडबुडे का येतात?

प्रश्न: कागदावर पाण्यात मिसळणारं वॉर्निश रोलरने चढवतो. मशीन सावकाश असताना फिल्म स्वच्छ येते, वेग वाढवला की टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. डिफोमर (फेस मोडणारं रसायन) वाढवूनही फरक नाही. काय करावं?

उत्तर: आधी हवा कुठून शिरते ते बघा. ट्रेमधलं वॉर्निश काचेच्या ग्लासात घेऊन उजेडासमोर धरा. दुधाळ दिसलं, तर हवा आधीच मिसळलेली आहे. दोषी बहुधा परतीचा पाइप असतो, तो टाकीत वरून धार सोडतो. त्याचं तोंड पातळीखाली बुडवा, पंपाच्या सक्शनचे जोडही घट्ट करा. मग वॉर्निश निवळू द्या, पण घाई नको: १०० सेंटिपॉइज (घट्टपणा मोजायचं एकक) घट्टपणाच्या द्रवात ०.१ मिलिमीटरचा बुडबुडा तासाला साधारण २० सेंटिमीटर चढतो, त्याच्या निम्म्या व्यासाचा जेमतेम ५.

ग्लास स्वच्छ असेल आणि ठरावीक वेगापुढेच छिद्रं येत असतील, तर द्रव कागदाला टेकतो त्या रेषेवरच हवा ओढली जाते. धावत्या कागदाला चिकटून आलेला हवेचा पातळ थर द्रवाला बाजूला सारता येत नाही. इथे डिफोमर कामाचा नाही. जास्त झाला तर उलट माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात, म्हणून वाढवलेला आधी कमी करा. वॉर्निश थोडं पातळ करा, कारण घट्ट द्रव कमी वेगालाच हवा ओढतो. तरीही छिद्रं राहिली तर वेग उतरवा.