लॉकडाऊन लागला की रोजंदारीच्या माणसाचं आधी काय तुटतं?

तुमचा प्रश्न असा: 2020 च्या लॉकडाऊनमध्ये इंदूरच्या रोजंदारीवाल्यांचं नेमकं काय बिघडलं, मदत जाहीर होऊनही ती हातात का पडली नाही, कोरोना नसलेल्यांचे उपचार का थांबले, आणि पुन्हा तशी वेळ आली तर वस्तीतल्या एखाद्या मंडळाने काय तयारी ठेवावी.

आधी काम तुटतं असं सगळे म्हणतात. माझ्या मते आधी हिशोब तुटतो.

बांधकामावरच्या मजुराला रोजची पूर्ण मजुरी रोज मिळत नाही. ठेकेदार आठवड्याला 'खर्ची' देतो, म्हणजे पीठ-तेल-भाजीपुरते पैसे. उरलेलं त्याच्या वहीत चढतं आणि काम संपल्यावर किंवा सणाला चुकतं होतं. समजा मजुरी 400 रुपये, आठवड्याच्या सहा हजेऱ्या, म्हणजे 2400. खर्ची मिळाली 1000, तर 1400 ठेकेदाराकडे राहिले. आठ आठवड्यांत हे 11,200 होतात. पैसा मजुराचा, वही ठेकेदाराची. 24 मार्चला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि 25 पासून सगळं बंद. ठेकेदाराचं बिल मालकाकडे अडकलं, मजुराचा हिशोब ठेकेदाराकडे.

इंदूरला यात आणखी एक पेच होता. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडचे भिल्ल-भिलाला मजूर होळीआधी हिशोब घेऊन भगोरियासाठी, म्हणजे त्यांच्या जत्रेसाठी, गावी जातात. त्या वर्षी होळी 9 मार्चला होती. सण करून जे लगेच इंदूरला परतले त्यांच्या गाठीला जेमतेम दोन आठवड्यांची खर्ची होती, मागचा हिशोब खर्चून झालेला. जे गावीच रेंगाळले ते त्या मानाने सुटले; डोक्यावर छप्पर होतं, शेतात गहू उभा होता.

29 मार्चला केंद्राने आदेश काढला: कामगारांचं वेतन कापू नका, महिनाभर भाडं मागू नका. कागदावर छान. पण मजूर चौकातून उचललेल्या माणसाचा 'मालक' कोण? मुकादम, ठेकेदार, बिल्डर की प्लॉटवाला? ज्याचं नाव हजेरीपटावर आहे त्यालाच हा आदेश दाखवता येतो. तोही 18 मेपासून मागे घेतला गेला आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसात बोलून मिटवावं असं सांगितलं. म्हणून कुणी सल्ला विचारला तर माझं पहिलं उत्तर अगदी साधं असतं: दर शनिवारी ठेकेदाराच्या वहीतल्या आपल्या पानाचा फोटो काढा. तारीख, हजेरी, खर्ची, बाकी एवढं त्यात दिसलं पाहिजे. मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचं कार्यालय इंदूरलाच आहे, पण तोंडी हिशोब घेऊन तिथे गेलात तर कुणी काही करू शकत नाही.

नगावर काम करणाऱ्यांचं, म्हणजे रेडिमेड कपडे शिवणारे आणि सराफ्यातले बंगाली कारागीर यांचं, दुखणं थोडं वेगळं. अक्षय तृतीया 26 एप्रिलला, ईद 25 मेला. वर्षाची कमाई ज्या दोन महिन्यांत होते तेच दोन महिने गेले. हातगाडीवाल्यांनी भांडवल खाल्लं. जूनमध्ये त्यांच्यासाठी 10,000 रुपयांच्या कर्जाची स्वनिधी योजना आली, पण त्यासाठी विक्रेत्याचं प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागत होतं. आधीच्या कर्जाच्या हप्त्यांना सवलत होती ती फक्त मुदतीची. व्याज चालूच राहिलं, हे बऱ्याच जणांना नंतर कळलं.

आता मदतीबद्दल. धान्य होतं, हे आधी मान्य करू. माणशी 5 किलो धान्य आणि घरामागे 1 किलो डाळ फुकट, एप्रिलपासून. पण ज्याच्याकडे रेशनकार्ड आहे त्यालाच, आणि कार्ड बहुधा गावी. मध्य प्रदेश 1 जानेवारी 2020 लाच 'वन नेशन वन रेशन कार्ड'मध्ये, म्हणजे एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालवणाऱ्या योजनेत, आला होता, उत्तर प्रदेश आणि बिहार मात्र 1 मेला. म्हणजे सर्वांत कठीण सव्वा महिना तिकडच्या मजुरांचं कार्ड इथे चालण्याचा प्रश्नच नव्हता. बिनकार्डाच्या स्थलांतरितांसाठी माणशी 5 किलोची घोषणा मेच्या मध्यात झाली. तोवर महाराष्ट्रातून सेंधव्याच्या बिजासन घाटाने चढून इंदूर बायपासवरून लोक चालत निघालेच होते. 2 मेला इंदूर-उज्जैन सीमेवर सिमेंट मिक्सरच्या पिंपातून 18 जण बाहेर काढले गेले, ते लखनौकडे निघाले होते.

कार्ड चालत असलं तरी अंगठा चालत नाही, ही दुसरी गंमत. परराज्यातलं कार्ड दुकानाच्या मशीनवर आधारची ओळख, म्हणजे बहुधा बोटाचा ठसा, जुळल्याशिवाय उघडत नाही. सिमेंट-चुन्यात हात घालणाऱ्या मिस्त्रीच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीन तीनदा नाही म्हणतं, मागे रांग, आणि दुकानदार 'उद्या या' म्हणतो. उपाय आहे, पण तो आधी करून ठेवायचा असतो: आधार केंद्रात दहाही बोटं आणि डोळे पुन्हा नोंदवायचे, कुठलं बोट सर्वांत स्वच्छ उमटतं ते विचारून लक्षात ठेवायचं, आणि आधारला आज चालू असलेला मोबाइल नंबर जोडायचा. जुन्या सिमवर जाणारा ओटीपी हे अडकण्याचं फार सामान्य कारण आहे. मध्य प्रदेशात वर समग्र आयडीही, म्हणजे राज्याचा ओळख क्रमांक, लागतो, कुटुंबाचा आठ आकडी आणि माणसाचा नऊ आकडी. खानदेशातून येऊन इथे राहिलेल्या कुटुंबांकडे तो हमखास नसतो.

बांधकाम मजूर मंडळात ज्यांची नोंदणी जिवंत होती त्यांच्या खात्यात राज्याने हजार रुपये टाकले. नोंदणीसाठी मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, वय 18 ते 60. अडचण नूतनीकरणाची: कार्ड ट्रंकेत असतं, मुदत संपून गेलेली असते. महिला जनधन खात्यांत तीन महिने 500-500 आले, आणि 'काढले नाहीत तर परत जातात' या अफवेने बँकांसमोर गर्दी झाली. पैसे कुठेही परत जाणार नव्हते.

इंदूरच्या किराणा व्यवस्थेचं कौतुक झालं, तेही योग्यच. 30 मार्चपासून तीन दिवस किराणा-भाजीसुद्धा बंद होती. नंतर निगमने, म्हणजे महापालिकेने, कचरागाडीबरोबर यादी गोळा करून माल घरपोच द्यायला सुरुवात केली. सुदामानगर-राजेंद्रनगरसारख्या मध्यमवर्गीय भागांत ते उत्तम चाललं. पण जो रोज वीस रुपयांचं तेल आणि अर्धा किलो आटा घेतो त्याचं काय? त्याचं घर गल्लीतल्या वाण्याच्या उधारीवर चालतं, आणि घरपोच मालाबरोबर उधारीची वही येत नाही.

दवाखान्यांचं बघू. शहरातली रुग्णालयं तीन रंगांत वाटली होती: कोरोनाची लाल, संशयितांची पिवळी, बाकीच्यांची हिरवी. कल्पना चुकीची नव्हती. घोळ झाला दम लागण्याच्या लक्षणाचा. हृदयविकारात दम लागतो, अस्थम्यात लागतो, मूत्रपिंड निकामी झालं की लागतो. डायलिसिसचा रुग्ण घ्या. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी साधारण चार तास यंत्रावर. रिक्षा नाही, पास नाही, किंवा केंद्रातला कुणी पॉझिटिव्ह निघून केंद्रच बंद, म्हणून एक पाळी चुकली. अंगात पाणी साठलं, ते फुफ्फुसात उतरलं, दम लागला. दम लागला म्हणून तो पिवळ्यात, तिथे तपासणीचा अहवाल येईपर्यंत दुसरी पाळी चुकली. त्यात घरच्यांनी 'इम्युनिटी'साठी नारळपाणी पाजलेलं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही; त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

क्षयरोगाचं तसंच. एमआरटीबी, म्हणजे शहराचं टीबीचं रुग्णालयच, कोरोनासाठी घेतलं गेलं. देशात 2019 मध्ये टीबीचे 24.04 लाख रुग्ण नोंदले गेले होते, 2020 मध्ये 18.05 लाख. जंतू रजेवर गेले नव्हते. खोकला सांगायला लोक घाबरत होते. इथे एक गोष्ट मात्र जमण्यासारखी आहे: निक्षय आयडी, म्हणजे टीबी रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक, देशभर चालतो. गावी निघालेल्या रुग्णाने तो आयडी आणि महिन्याच्या गोळ्या बरोबर घेतल्या तर तिथल्या केंद्रात उपचार पुढे चालू होतात. गोळ्या अर्धवट सोडल्या तर टीबी औषधांना दाद न देणारा होऊ शकतो.

फोनवरून तपासणीची नियमावली 25 मार्च 2020 लाच आली. बीपी-शुगरवाल्यांना तिचा खरा उपयोग झाला. पण नार्कोटिक, म्हणजे अफूच्या वर्गातली, औषधं फोनवरून लिहून देता येत नाहीत, त्यामुळे मॉर्फिनवर असलेल्या कर्करुग्णांना घराबाहेर पडावंच लागलं. थॅलेसेमियाच्या मुलांना दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, आणि रक्तदान शिबिरं बंद झाली की रक्तपेढी हळूहळू रिकामी होते. लाल पेशी साधारण 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट पाचच.

तुमच्या मंडळाने करायचं ते एवढंच की लॉकडाऊन नसताना एक वही भरावी. गल्लीत कोण डायलिसिसवर, कोण इन्सुलिनवर, कोणाचे दिवस भरत आलेत, कोणाला टीबीच्या गोळ्या चालू. प्रत्येकापुढे केंद्राचं नाव, वार, औषधाचं नाव आणि मात्रा, किती दिवसांचा साठा, आणि दुसरं पर्यायी केंद्र. रक्तदात्यांची यादी गटवार करा आणि एकदम सगळ्यांना नेऊ नका, दर आठवड्याला चार-पाच जण पाठवा. फ्रीज नसलेल्या इन्सुलिनवाल्याला माठाची युक्ती शिकवा: ओल्या वाळूत ठेवलेला माठ, आत बाटली कोरड्या पिशवीत, सावलीत. मेमध्ये इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हे नीट पाहावं लागतं, आणि उघडलेली बाटली बहुतेक प्रकारांत 28 दिवसांनी टाकूनच द्यायची.

वही कागदाचीच ठेवा आणि दोन प्रती करा, एक आशाताईंकडे. रिचार्ज संपलेल्या फोनमधली यादी त्या दोन महिन्यांत कुणाच्या कामी आली नसती.