नोट्समधलं अँग्युलर वेगळं, तुझ्या लॅपटॉपवरचं वेगळं

भाऊ, तुझी पोस्ट वाचून हसू पण आलं आणि रागही आला. अँग्युलर म्हणजे वेब ॲप बनवायचं गूगलचं साधन, त्याच्या क्लासच्या नोट्समध्ये एनजी-कंट्रोलर आणि डॉलर-स्कोप हे कोडचे शब्द आहेत, घरी दारव्ह्याला एनजी न्यू (नवा प्रोजेक्ट बनवायची कमांड) मारलं तर त्यातलं काहीच कुठे दिसत नाही, आणि सर म्हणतात, "इन्स्टॉलेशन चुकलं असेल, परत कर." परत करू नको. इन्स्टॉलेशन बरोबर आहे तुझं, नोट्स चुकीच्या आहेत.

नोड (अँग्युलरच्या कमांड ज्यावर चालतात तो प्रोग्राम) कसं टाकायचं वगैरे सांगत नाही, तिथवर तू पोचलाच आहेस.

जुनं अँग्युलर, म्हणजे तुझ्या नोट्समधलं अँग्युलरजेएस, आलं 2010 मध्ये. पुढे गूगलच्याच टीमने सगळं नव्याने टाइपस्क्रिप्टमध्ये (जावास्क्रिप्टवरच बेतलेली भाषा) लिहिलं आणि सप्टेंबर 2016 मध्ये अँग्युलर 2 काढलं. नावातून फक्त जेएस गेलं, पण आतला माल जवळपास सगळा बदलला. कंट्रोलर गेले, स्कोप गेला, सगळा कारभार कंपोनंटवर, म्हणजे स्क्रीनच्या सुट्या तुकड्यांवर आला. जुन्याचा सपोर्ट 31 डिसेंबर 2021 ला संपला. आता त्यात सुरक्षेची भोकं निघाली तरी ती टीम बुजवत नाही.

मला हेच जुनं शिकवलं, आणि तेही सपोर्ट संपल्यावर. जिल्ह्याच्या ठिकाणचा क्लास होता, नाव घेत नाही. बाबांनी कापूस विकून फी भरलेली. स्पायरल बाइंडिंगच्या नोट्स, कव्हरवर ठळक "लेटेस्ट अँग्युलर", आणि पहिल्याच उदाहरणात स्क्रिप्ट टॅगमध्ये 1.6 ची, म्हणजे जुन्या अँग्युलरजेएसची फाईल! नागपूरला मुलाखतीत समोरच्याने साधा कंपोनंट लिहायला सांगितला तेव्हा कळलं की आपण दुसरंच काहीतरी शिकून आलोय. परत येऊन विचारलं तर काउंटरवरच्या मॅडम म्हणे, "सिलॅबस हेड ऑफिसवरून येतो, आमच्या हातात काही नाही." फी परतीचा अर्ज दिला, पोच मागितली तर शिक्का सरांच्या कपाटात आणि सर सुट्टीवर. नंतर अर्जच सापडेना. राजेहो, वर्ष गेलं त्याचं वाईट वाटत नाही इतकं त्या बोलण्याचं वाटतं. तू काही लिहून देणार असशील तर पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नको.

असो. आता माझं मत, पटलं तर घे. मी काही मोठा तज्ज्ञ नाही, कृषी केंद्रांची बिलिंगची स्क्रीन सांभाळतो.

नोट्स बांधून माळ्यावर टाक. अँग्युलर डॉट डेव्ह या अधिकृत साइटवरचं ट्युटोरियल कर, इंग्रजी जड वाटलं तरी तेच कर. गूगलवर उत्तर शोधताना डॉलर-स्कोप दिसलं की टॅब बंद. एनजीमॉड्यूल (कंपोनंट एकत्र बांधायची फाईल) दिसलं तर घाबरू नको, ते नवंच अँग्युलर आहे, फक्त आधीच्या पद्धतीचं. आवृत्ती 17 पासून एनजी न्यू केल्यावर ॲप मॉड्यूलची फाईल येतच नाही, स्टँडअलोन, म्हणजे मॉड्यूलशिवाय चालणारे कंपोनंट येतात. यूट्यूबवरचे निम्मे गोंधळ इथूनच सुरू होतात.

पहिला प्रोजेक्ट टू-डू लिस्टचा करू नको, कंटाळा येतो. कापूस वेचणीचा हिशोब कर. बाईचं नाव, किलो, किलोमागे मजुरी, खाली एकूण. नोंदी सिग्नलमध्ये (बदलली की स्क्रीनला कळवणारी किंमत) ठेव, एकूण रक्कम कंप्युटेडमध्ये (सिग्नलवरून आपोआप निघणारी किंमत) काढ. एखादीचे किलो बदलले की बेरीज आपोआप बदलते, आणि तेव्हाच डोक्यात उजेड पडतो. यादी दाखवायला @फॉर वापर, त्यात ट्रॅक (कुठली ओळ कुणाची हे ओळखायची खूण) लिहावंच लागतं, नाही लिहिलं तर एरर येते. ट्रॅकला आयडी दे, नाव देऊ नको, एका गावात चार सुनीता असतात.

विंडोजवर एनजी कमांड मारली आणि "स्क्रिप्ट चालवायला मनाई" अशी लाल ओळ आली तर ती पॉवरशेलची कटकट आहे. सरळ कमांड प्रॉम्प्ट उघड. प्रोजेक्ट डेस्कटॉपवर ठेवू नको. वनड्राइव्ह चालू असेल तर नोड-मॉड्यूल्सच्या (प्रोजेक्टला लागणारी पॅकेजेस जिथे उतरतात तो फोल्डर) हजारो फायली अपलोड करत बसतं आणि हॉटस्पॉटचा डेटा दुपारपर्यंत संपतो. एनपीएम इन्स्टॉल, म्हणजे ती पॅकेजेस उतरवायची कमांड, पहाटे कर, रेंज मोकळी असते. मध्येच लाईन गेली आणि अर्धवट राहिलं तर नोड-मॉड्यूल्स फोल्डर उडवून परत चालव. आधी उतरलेलं बरंचसं कॅशमध्ये असतं, त्या कमांडला प्रिफर-ऑफलाइन हा पर्याय लावला तर तेच आधी वापरतं.

रिॲक्ट (असंच दुसरं साधन) की अँग्युलर या भांडणात मी पडत नाही. नागपुरात दोन्हीची कामं निघतात.

अडलास तर इथेच विचार, पण स्क्रीनचा फोटो नको. एरर अक्षरात टाक, आणि सोबत एनजी व्हर्जन मारल्यावर जे येतं तेही.